राजमुद्रा, राजचिन्ह की लांछन?

नौपाड्यातल्या एका ताईंनी विचारलंय की मुलीला शाळेत 'महाराष्ट्राचं कोट ऑफ आर्म्स' असा प्रोजेक्ट दिलाय, तर कोट ऑफ आर्म्सला मराठीत नक्की काय म्हणायचं, कारण घरात चार जणांनी चार शब्द सांगितले: राजमुद्रा, बोधचिन्ह, कुलचिन्ह आणि मानचिन्ह.

ताई, आधी मानचिन्ह काढून टाका. शेकरू, हरियाल, ताम्हण, आंबा ही राज्याची मानचिन्हं, आणि एरवी मानचिन्ह म्हटलं की सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर मिळतं ते. बोधचिन्ह म्हणजे आजचा लोगो, साहित्य संमेलनाचं असतं, स्पर्धेचं असतं, बँकेचंही असतं, त्यामुळे चूक नाही पण फार पातळ वाटतं.

कुलचिन्ह हा शब्द युरोपातल्या घराण्यांना बरोबर बसतो. तिकडे सरदार चिलखतावर जो अंगरखा घालायचे त्याच्यावर आणि ढालीवर घराण्याची खूण असायची, कारण शिरस्त्राणात तोंड झाकलं गेलं की कोण आपला कोण परका कळणार कसं, आणि मग अंगरख्याचं नावच त्या खुणेला चिकटलं. पुढे ढालीच्या दोन्ही बाजूंना प्राणी उभे राहिले, वर मुकुट आला, खाली ब्रीदवाक्याची पट्टी आली. घोडबंदर रोडच्या निम्म्या टॉवरांच्या गेटवर हेच असतं बघा, दोन सिंह, मध्ये ढाल आणि ढालीत बिल्डरच्या नावाचं पहिलं अक्षर. (त्याला मराठीत हौस म्हणतात.) पण राज्याला कूळ नसतं, म्हणून महाराष्ट्राचं कुलचिन्ह असं नका लिहू. काही जण देवक सुचवतात, तेही नको, देवक लग्नात बसवतात, ढालीवर रंगवत नाहीत.

आपल्याकडे असली ढालवाली चिन्हं बरीच उशिरा आली. १ जानेवारी १८७७ ला लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवला, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर करायला, तेव्हा संस्थानिकांना एकेक निशाण द्यायचं ठरलं आणि रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या एका सनदी अधिकाऱ्याने त्यांच्यासाठी विलायती पद्धतीची चिन्हं काढून दिली. म्हणजे सांगाडा तिकडचा आणि मसाला इकडचा, शिंद्यांच्या चिन्हात नाग आहे तो असाच. बडोद्याच्या गायकवाडांचं ब्रीद मात्र मला फार आवडतं, 'जीन घर, जीन तख्त', जीन म्हणजे घोड्याचं खोगीर, तेच आमचं घर नि तेच सिंहासन. मराठी सरदारांची अख्खी शंभर वर्षं त्या चार शब्दांत आलीत.

मग त्याच्या आधी आपल्याकडे काही नव्हतंच का? होतं की, आणि त्याला फर्स्टक्लास शब्दही होता: लांछन. संस्कृतात लांछन म्हणजे खूण, ओळखीची निशाणी. बदामीच्या चालुक्यांचं लांछन वराह. जैन तीर्थंकरांची लांछनं तर आजही तशीच सांगतात, महावीरांचा सिंह, पार्श्वनाथांचा नाग. आणि ठाणेकरांनो, आपलंसुद्धा होतं! हजार वर्षांपूर्वी उत्तर कोकणावर शिलाहार राज्य करत होते, राजधानी श्रीस्थानक म्हणजे आपलं हेच ठाणं, आणि त्यांचं लांछन होतं गरुड. ताम्रपटांमध्ये ते स्वतःला 'सुवर्णगरुडध्वज' म्हणवून घेतात, पत्रे ज्या कडीत ओवलेले असतात तिच्यावरच्या मुद्रेतही गरुड असतो. अरिकेसरी राजाचा १०१७ चा ताम्रपट तर ठाण्यातच सापडलाय.

पण लांछन आता वापरायचं कसं? चंद्रावरच्या डागालाही लांछनच म्हणायचे, खुणेचा डाग झाला, डागाचा कलंक झाला आणि आता आपल्याकडे फक्त 'लांछनास्पद' उरलंय. मुलीने चार्टवर 'महाराष्ट्राचे लांछन' असं हेडिंग टाकलं तर बाईंचा फोन येईल तुम्हाला. इतिहासावर लिहिताना वापरा, शाळेत नको.

उरली राजमुद्रा. काटेकोर बोलायचं तर मुद्रा म्हणजे जिचा ठसा उमटतो ती, आणि चिन्ह म्हणजे जे नुसतं मिरवायचं ते. महाराजांच्या पत्रांत वर अष्टकोनी मुद्रा असते आणि मजकूर संपला की खाली 'मर्यादेयं विराजते' हा छोटा शिक्का, म्हणजे मजकुराची मर्यादा इथपर्यंत, याच्या खाली कोणी मागून काही घुसडलं तर ते आमचं नाही. हा खालचा शिक्का म्हणजे मोर्तब, आणि आपण एखाद्या गोष्टीवर 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो तो शब्द ह्याच दफ्तरी जोडीतून आलाय. म्हणून देशाच्या चिन्हाला मी राजमुद्रा म्हणत नाही, राजचिन्ह म्हणतो. ते २६ जानेवारी १९५० ला स्वीकारलं, सारनाथच्या स्तंभाच्या फक्त डोक्यावरून घेतलंय, त्यातही खालचं उलटं कमळ गाळलंय आणि 'सत्यमेव जयते' मुंडकोपनिषदातून आणून खाली बसवलंय. तरी आपण सगळे त्याला बिनधास्त अशोकस्तंभ म्हणतो, खांब त्यात नाहीच.

महाराष्ट्राची गोष्ट मात्र वेगळी आहे, इथे राजमुद्राच बरोबर, कारण ते चिन्ह स्वतःच तसं सांगतं. मध्ये समई, तिच्यावर अशोकाचे सिंह, भोवती कमळाच्या पाकळ्या आणि गोलाकार लिहिलेला श्लोक:

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते ॥

महाराजांच्या मुद्रेत तिसरा चरण 'शाहसूनोः शिवस्यैषा' असा आहे, म्हणजे शहाजीपुत्र शिवाजीची ही. राज्याने तेवढा एकच चरण बदलला, आठ अक्षरं काढली आणि मोजून आठच घातली, त्यामुळे अनुष्टुभ कुठेही लंगडत नाही. ज्या कोणी हे केलं त्याला माझा दंडवत, कारण सरकारी कामात छंद सांभाळलेला क्वचित दिसतो. अर्थही तोच राहिला, प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाने वंदिलेली ही मुद्रा लोकांच्या भल्यासाठी शोभते, फक्त मालक बदलला, एका राजाच्या जागी अख्खं राज्य आलं. 'एषा' म्हणजे 'ही' तेवढं गेलं, त्याचं मला थोडं वाईट वाटतं, 'ही मुद्रा' म्हणण्यात बोट ठेवून दाखवल्याचा ठसका होता.

तेव्हा ताई, हेडिंग 'महाराष्ट्राची राजमुद्रा' असंच द्या. आणि श्लोक उतरवताना 'प्रतिपश्चंद्र' होऊ देऊ नका, तीन हात नाक्याला सिग्नलला थांबलात की पुढच्या गाडीच्या काचेवर बऱ्याचदा तेच दिसतं. प्रतिपद् अधिक चंद्र, द् चा च् झाला, म्हणून डबल च: प्रतिपच्चंद्र.