जेनर इन्स्टिट्यूटमध्ये जायचंय? आधी मोजायला शीक

प्रश्न : मी सांगलीत बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय मायक्रोबायोलॉजी. मला ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटमध्ये लशींवर संशोधन करायचं आहे. बाबा म्हणतात, कर्ज काढू, एमएस्सीलाच तिकडे जा. काय करावं?

उत्तर : कर्ज आत्ता नको. जेनर म्हणजे वेगळी प्रवेश परीक्षा घेणारं कॉलेज नव्हे. ऑक्सफर्ड विद्यापीठातले लशींवर काम करणारे संशोधन गट तिथे एकत्र आहेत. संशोधक म्हणून आत शिरायचा सरळ रस्ता पीएचडीचा. तिथे तिला डीफिल म्हणतात. अर्जाची मुदत साधारण डिसेंबर-जानेवारीत संपते, त्याआधी गटप्रमुखाशी पत्रव्यवहार झालेला असावा. त्या पत्रात लिहायला तुझ्याकडे हातचं काम हवं, आणि ते इथे कमी खर्चात मिळतं.

ते काम कोणतं, हे जेनरमध्येच जन्मलेल्या कोविशील्ड या कोविडच्या लशीवरून बघ. तिच्यात वाहक म्हणून वापरलेल्या चिंपांझीच्या अ‍ॅडिनोव्हायरसमधलं ई-1 जनुक काढलं, म्हणून तो विषाणू माणसाच्या शरीरात वाढत नाही. प्रयोगशाळेत तो वाढवायचा तर ते जनुक पुरवणाऱ्या एचईके-293 पेशी लागतात. बातमी इथेच संपते. संशोधक विद्यार्थ्याची बरीच वर्षं मात्र पुढच्या मोजणीत जातात: एलायझा या चाचणीने रक्तातल्या अँटिबॉडी, एलिस्पॉट या चाचणीने लशीला प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी).

एलिस्पॉटमध्ये 96 खळ्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी साधारण 2 ते 2.5 लाख पेशी टाकून 18-20 तास इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. प्रतिसाद देणारी प्रत्येक पेशी तळाच्या पटलावर एक ठिपका सोडते, ते ठिपके मोजायचे. त्या वेळात प्लेट हलली की ठिपके फरफटतात. पिपेटचं टोक तळाच्या पटलाला टोचलं तर ते खळं गळतं. पेशी गोठवताना 10 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं रसायन) आणि तापमान मिनिटाला 1 अंशाने उतरवण्याचा वेग सांभाळला नाही, तर वितळवल्यावर निम्म्या मेलेल्या निघू शकतात. मग ठिपके कमी दिसतात आणि दोष लशीवर येतो.

मोजणी चुकली की काय होतं, ते 2020 मध्ये याच लशीच्या चाचणीत दिसलं. एका बॅचची तीव्रता प्रकाशशोषणाने मोजली होती. लशीतल्या पॉलिसॉर्बेट-80 या पूरक द्रव्यामुळे आकडा फुगला आणि काही स्वयंसेवकांना पहिला डोस जवळपास निम्माच गेला. माझ्या मते लशींच्या क्षेत्रात पद्धती काटेकोर तपासणाऱ्याला नवी कल्पना सुचणाऱ्याइतकाच मान हवा. मुलं मात्र त्या कामाला ‘नुसतं क्यूसी’ (क्वालिटी कंट्रोल, गुणवत्ता तपासणी) म्हणून नाक मुरडतात.

आता वाट. एमएस्सीसाठी दोन परीक्षा दे. पहिली जॅम, आयआयटी वगैरेंच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा. तिचे फॉर्म साधारण सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. त्यावर पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेत इंटिग्रेटेड पीएचडीही (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) करता येते. दुसरी गॅट-बी, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीवर चालणाऱ्या एमएस्सीचे प्रवेश तिच्यावर होतात, विद्यावेतनही मिळतं. शेवटच्या सत्राचा प्रकल्प इम्युनॉलॉजीतच (रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात) घे. त्यासाठी पुण्यात एनसीसीएस (पेशीविज्ञान) आणि एनआयव्ही (विषाणूशास्त्र) या संशोधन संस्था आहेत, फरीदाबादला टीएचएसटीआय ही आरोग्य संशोधन संस्था. अर्ज सहा महिने आधी कर. जागा मिळाली की प्रत्येक फसलेल्या प्लेटचीही नोंद वहीत ठेव, मुलाखतीत त्याच विचारतात. सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. म्हणजे ऑक्सफर्ड हुकलं तरी पीएचडी घरच्या पैशावर करावी लागत नाही.

बाबांना आणखी एक सांग. जेनरचं स्वतःचं उत्पादन केंद्र पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांपुरत्या छोट्या बॅच करतं. मोठं उत्पादन बाहेर होतं. त्यांची मलेरियाची आर-21 लस, जिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये केली, ती पुण्याच्या सीरमने बनवली. तेव्हा एमएस्सीनंतर दोन वर्षं लस कंपनीच्या क्यूसी किंवा प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये (उत्पादनाची पद्धत बसवणाऱ्या विभागात) काढली, तर ती वाया जात नाहीत. जीएमपीची (औषधनिर्मितीच्या काटेकोर नियमांची) शिस्त विद्यापीठात सहसा शिकायला मिळत नाही.

ऑक्सफर्डसाठीच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीला वयाची अट आहे, ती आत्ताच वाच. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. लागू असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला याच सुट्टीत काढून ठेव.