गोळी बंद केली, हे डॉक्टरांना कसं सांगू?

“घरातलं माणूस डॉक्टरांच्या गोळ्या बाजूला ठेवून पावडरी आणि कॅप्सूल घेत बसलंय. आम्ही सांगून थकलो, आता तुम्हीच समजवा.” नाशिकमध्ये समुपदेशन करताना ही विनंती माझ्याकडे वरचेवर येते. कधी सून घेऊन येते, कधी मुलगा, कधी बायको नवऱ्याला जवळजवळ ओढत आणते. आणणाऱ्याला वाटतं की माणूस हट्टी आहे. आलेल्याला वाटतं की घरात आपलं कुणी ऐकतच नाही. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा या दुसऱ्याच्या म्हणण्यात काहीतरी तथ्य असतं आणि तेच कुणी तपासलेलं नसतं. अण्णांचं तसंच झालं होतं. ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.

अण्णा त्रेसष्ट वर्षांचे, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, पंचवटीत राहणारे. गळ्यात तुळशीची माळ, पौषात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला पायी जाणार. अंडं-मांस कधीच नाही. मधुमेह अकरा वर्षांपासून, त्यावर सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिनची गोळी. सून त्यांना घेऊन आली तेव्हा खुर्चीत बसायच्या आत तिने सांगून टाकलं, “मॅडम, बाबांनी शुगरची गोळी सोडलीय. महिन्याला साडेचार हजार त्या डब्यांवर जातात. काही बोललं की जेवत नाहीत.”

तिला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. अण्णांना मी गोळ्यांबद्दल काहीच विचारलं नाही, “काय त्रास होतोय?” एवढंच विचारलं.

ते पायांबद्दल बोलू लागले. सात-आठ महिन्यांपासून तळपायांची आग होत होती. रात्री उठून मोरीतल्या ओल्या फरशीवर पाय टेकवून बसायचे. एकदा काळाराम मंदिराकडून घरी येताना एका पायातली चप्पल वाटेत निसटली, ते घराच्या पायरीवर आल्यावर लक्षात आलं. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं. “डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, असं होणारच, पथ्य सांभाळा. लिहिता लिहिताच म्हणाले. पुढचा पेशंट आत आलासुद्धा.”

मग गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी फिरताना ओळख झालेल्या एकाने त्यांना हिरव्या पावडरीचा डबा दिला. ही केमिकलची गोळीच नसा खाते, पावडरीत सगळी जीवनसत्त्वं आहेत, बी-12 सुद्धा, असं तो म्हणाला. मी विचारलं, “तुम्हाला पटलं?” अण्णा जरा थांबले. “लगेच नाही पटलं. पण मॅडम, तो माणूस चाळीस मिनिटं माझ्याशी माझ्या पायांबद्दल बोलला.”

ज्यांच्या घरात हा वाद चालू आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं, असं मला मनापासून वाटतं. डबे विकणारा माणूस वेळ देतो. ओपीडीत रांग असते, डॉक्टरांकडे तेवढा वेळ खरंच नसतो आणि घरातले लोक पथ्यावरून बोलतात. दुखण्याबद्दल कोण बोलतं, त्यावर माणूस कुणाकडे झुकतो हे ठरतं.

मी डॉक्टर नाही. कुणाची गोळी चालू करणं किंवा बंद करणं माझ्या अखत्यारीत नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. पण शंका डॉक्टरांपर्यंत नीट कशी न्यायची, यात मी मदत करू शकते. आणि अण्णांची शंका मुळीच वेडगळ नव्हती. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर शरीरात बी-12 कमी होऊ शकतं, ही वैद्यकशास्त्राला माहीत असलेली गोष्ट आहे. आतड्याच्या शेवटच्या भागात बी-12 शोषलं जातं, तिथेच या औषधामुळे अडथळा येतो. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2022 मध्ये डॉक्टरांना तसं कळवलंसुद्धा: हा दुष्परिणाम बऱ्यापैकी आढळतो, ज्यांना धोका जास्त आहे त्यांचं बी-12 अधूनमधून तपासा. त्यात अण्णा पूर्ण शाकाहारी. बी-12 वनस्पतींमधून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच काय ते मिळतं. ते फार कमी झालं की हातापायांना मुंग्या येतात, आग होते, चालताना तोल जातो. मधुमेहाने नसांना इजा झाली तरी लक्षणं जवळजवळ हीच असतात. म्हणून “शुगर आहे, होणारच” यावर थांबून चालत नाही.

पण त्या शंकेवरून अण्णांनी जे केलं ते धोक्याचं होतं. त्यांनी परस्पर गोळी बंद केली होती. घरात “पंधरा दिवस झाले” असं सांगितलं होतं, माझ्याजवळ बोलताना चार महिने निघाले.

पुढच्या भेटीला मी त्यांना तो डबा घेऊन यायला सांगितलं. आम्ही दोघांनी टेबलावर ठेवून चष्मा लावून वाचला. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ताकद, ऊर्जा, साखरेवर नियंत्रण. मागच्या बाजूला, घटकांच्या यादीखाली, बारीक इंग्रजीत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. ते औषध म्हणून वापरायचं नाही, असं कंपनीनेच छापलेलं. 2016 च्या नियमांनुसार हेल्थ सप्लिमेंटच्या लेबलवर ही सूचना द्यावीच लागते, कारण कायद्याच्या दृष्टीने ते अन्न आहे, औषध नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला तर आपल्याकडे 1954 च्या कायद्यापासून बंदी आहे. अण्णांनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.

पावडर होती स्पिरुलिनाची, म्हणजे एक प्रकारच्या शेवाळाची. त्यात बी-12 सारखा दिसणारा पदार्थ असतो, पण त्यातला बहुतेक भाग माणसाच्या शरीराला उपयोगी पडत नाही. थोडक्यात, अण्णांचा संशय योग्य दिशेने होता आणि पैसे भलतीकडे चालले होते.

‘केमिकल’चं म्हणाल तर, मेटफॉर्मिनचा शोधही एका झाडावरूनच लागला आहे. युरोपात गलेगा नावाची एक वनस्पती जुन्या काळापासून औषधात वापरत. तिच्यातल्या घटकाचा अभ्यास करता करता हे औषध तयार झालं आणि 1957 मध्ये फ्रान्समध्ये मधुमेहासाठी वापरात आलं. हे ऐकून अण्णांचा चेहरा जरा सैल झाला. झाडपाल्यावरच्या त्यांच्या विश्वासाला कुणी हसलं नव्हतं, हेही त्यामागे असावं.

मग आम्ही मूळ भीतीकडे आलो. “डॉक्टर म्हणतील, डॉक्टर तुम्ही की मी?” ही भीती मी शिकल्या-सवरलेल्या माणसांतही पाहते. मी त्यांना सांगितलं की आपल्या आजाराची माहिती मागणं, रिपोर्ट मागणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हे रुग्णाचे हक्क आहेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत ते नोंदवलेले आहेत. तरी हक्काची भाषा घेऊन ओपीडीत शिरलं की बोलणं बिघडतं. म्हणून कागदावर तीनच ओळी लिहायचं ठरलं.

अण्णांनी पहिली लिहिली: पायांची आग शुगरचीच आहे की दुसरंही कारण आहे? दुसरी: इतकी वर्षं मेटफॉर्मिन आणि शाकाहार, तर बी-12 तपासायचं का? तिसरी ओळ त्यांना लिहायचीच नव्हती. “गोळी बंद केली हे नाही सांगितलं तर?” मी म्हटलं, “अण्णा, ते सगळ्यात आधी सांगायचं.” कारण साखर वाढलेली दिसली की डॉक्टर समजणार, आहे ती गोळी पुरत नाही. ते आणखी एक औषध जोडणार. घरच्यांच्या धाकाने अण्णांनी उद्या दोन्ही गोळ्या घ्यायला सुरुवात केली, तर साखर एकदम खाली येण्याचा धोका. डॉक्टरांपासून काही लपवलं की पुढचा सगळा हिशेब चुकतो. ती ओळ शेवटी सर्वांत वर गेली.

तपासणी होईपर्यंत बी-12 ची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, एवढंही सांगितलं, कारण मग रक्तातला आकडा वाढलेला दिसतो आणि कमतरता लपते.

अण्णा ठरवून दुपारी, गर्दी नसताना गेले. सोबत सून, कागद आणि घरातले सगळे डबे एका कापडी पिशवीत. डॉक्टर आधी चिडले. मग कागद वाचला, अण्णांना चप्पल काढायला लावली आणि ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरणारा धातूचा चिमटा, वाजवून अंगठ्यावर, घोट्यावर ठेवून पाहिला. अंगठ्यावर अण्णांना कंपन जाणवलंच नाही. तपासण्या झाल्या. बी-12 निघालं 143. साधारण 200 च्या खाली ते कमी धरतात. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी पूर्वी 7.2 होतं, ते 9.3 वर गेलं होतं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन कमी मात्रेपासून पुन्हा सुरू केलं आणि बी-12 ची इंजेक्शनं दिली. नसांना वेळ लागेल, काही इजा कदाचित तशीच राहील, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पायांना साखरेचाही त्रास असणार, दोन्ही बाजूंनी काम करावं लागेल, असंही.

दर वेळी असंच होतं असं नाही. कधी डॉक्टर ऐकून घेत नाहीत, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं. तोवर चालू गोळी चालूच ठेवावी. शुगर, ब्लडप्रेशर, थायरॉइड, फिट्स, रक्त पातळ करणारी औषधं, यांतली कुठलीही गोळी प्रश्न पडला म्हणून परस्पर सोडायची नसते. आणि घरच्यांनी स्ट्रिप मोजत बसण्यापेक्षा एकदा सोबत जाऊन कागद वाचून दाखवायला मदत करावी. अण्णांच्या सुनेने ते केलं, म्हणून मला तिचं फार कौतुक आहे.

काही महिन्यांनी अण्णा येऊन गेले. रात्रीची आग कमी आहे, बधिरपणा अजून आहे. गोळी चुकत नाही. हिरवी पावडर मात्र ते अजून चमचाभर घेतात. डॉक्टरांना विचारून घेतात. सुनेला ते पटत नाही, पैशांवरून घरात अजून बोलणं होतं. आता पुढच्या भेटीला दोघं एकत्र येणार आहेत, घरखर्चाची वही घेऊन.