वाचकांचे प्रश्न : पाय पुन्हा पुन्हा का सुजतो?

प्रश्न : आमचे मामा (सासरे) 64 वर्षांचे. शुगर 11 वर्षांपासून. मागच्या आषाढात सोयाबीनच्या खुरपणीवरून आले ते हुडहुडी भरूनच. रात्रीतून उजवी नडगी घोट्यापासून वर लाल झाली, पाय चांगलाच तापला, जांघेत अवधाण आलं. शेजारच्या आजींनी धावरं म्हणून काव लावली. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप गेला तशा मामांनी त्या बंद केल्या. दिवाळीनंतर पुन्हा तसंच झालं आणि आता श्रावणात तिसऱ्यांदा. लोक म्हणतात, कोर्स अर्धवट सोडला म्हणून रोग अंगात मुरला. भात, वांगं, वरण बंद केलंय. पाय कापावा लागेल का? नातवंडांना लागण होईल का? (एक वाचक, ता. सेलू, जि. परभणी)

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. मुलांना लागण होत नाही, आजोबांजवळ झोपू द्या. वरण आजच सुरू करा. डाळीनं पू होतो हे मी परभणीत प्रॅक्टिस सुरू केल्यापासून ऐकतेय. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि आपल्याकडे ती डाळीतून, अंड्यातून, दह्यातूनच मिळतात. भात बेतानं खावा, तो शुगरसाठी. वांग्याचा यात काही दोष नाही.

या दुखण्याला आम्ही सेल्युलायटिस म्हणतो. कातडीच्या आणि तिच्याखालच्या चरबीच्या थरात जंतू शिरतात, बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस, कधी स्टॅफिलोकोकस. लाली धावत वर चढते, त्यामुळे धावरं हे नाव चपखल आहे. काव मात्र नको. तिनं पाय बरा होत नाहीच, वर आजार कुठवर चढलाय तेही झाकलं जातं. माझ्याकडे असा पाय आला की आधी दहा मिनिटं काव धुण्यात जातात, मग मी निळ्या पेननं लालीच्या कडेनं रेघ ओढते आणि शेजारी वार-वेळ लिहिते. हे घरीही करता येतं. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दिवसात लाली बोटभर रेघेबाहेर गेली तर घाबरू नका, पण 48 तासांत ताप उतरला नाही किंवा लाली सरकतच राहिली तर पुन्हा दाखवायचं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली ठसठशीत दिसत नाही. कातडी ताणलेली, चकचकीत, जांभळट दिसते. हाताची पालथी बाजू दोन्ही पायांना लावून बघा, गरमपणातला फरक लगेच कळतो.

आता अर्धवट कोर्सचं. तिसऱ्या दिवशी कॅप्सूल सोडल्या ही चूकच, तेव्हाच पाय पुन्हा पेटला असता. पण चार-पाच महिन्यांनी आलेला दुसरा झटका त्या दोन दिवसांच्या कॅप्सूलमुळे नाही. रोग अंगात मुरत नाही. जंतू नव्यानं आत येतात, कारण त्यांचं दार उघडंच राहिलंय.

ते दार बघायला मामांना खाटेवर बसवा, बॅटरी घ्या आणि पायाच्या बोटांची बेचकी एकेक करून फाका. सगळ्यात आधी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधलं. तिथं कातडी पांढरी, ओलसर, सोललेली दिसली तर त्या चिखल्या. काळ्या मातीत दिवसभर अनवाणी किंवा प्लास्टिकच्या बुटात घामेजलेल्या पायानं खुरपणाऱ्याला त्या होणारच. ही बुरशी आहे. ती स्वतः फारसं काही बिघडवत नाही, पण तिनं पाडलेल्या चिरेतून जंतू आत जातात. टाचेच्या जळवातीतून जातात, तुरीच्या धसकटाच्या ओरखड्यातून जातात. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं, त्यामुळे मग आवरणं जड जातं.

चिखल्यांवर साधं क्लोट्रिमॅझोल मलम सकाळ-संध्याकाळ, खाज गेली तरी चार आठवडे. मेडिकलवरून नुसती 'खाजेची ट्यूब' मागून आणू नका. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी खालून पसरते. पाय धुतल्यावर बेचकी जुन्या सुती कापडानं कोरडी करायची. खोबरेल टाचेला लावा, बेचक्यात नको.

दुसरं म्हणजे सूज. प्रत्येक झटक्यात पायातल्या लसिकावाहिन्यांचं थोडं नुकसान होतं, पाणी साचून राहतं आणि साचल्या जागी पुढचा झटका सोपा होतो. म्हणून आजार चालू असताना पाय छातीच्या पातळीच्या वर हवा. बाजेच्या पायथ्याखाली दोन विटा द्या. आडवं पडून उशीवर पाय ठेवला तरी चालेल, खुर्चीत बसून स्टुलावर ठेवून उपयोग नाही. त्याआधी डॉक्टरांकडून पायाची नाडी तपासून घ्या, ती पायाच्या पाठीवर लागते. शुगरवाल्यांच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात. तशा पायाला उंचावलेलं सोसत नाही आणि दाबाचा मोजा तर धोक्याचाच.

वर्षभरात तीन झटके आलेत, तेव्हा डॉक्टरांना पेनिसिलिनबद्दल जरूर विचारा. रोज कमी डोसची गोळी, नाहीतर तीन-चार आठवड्यांनी एक इंजेक्शन. 2013 साली ब्रिटन-आयर्लंडमधला एक अभ्यास छापून आला. दोन किंवा जास्त झटके आलेल्या 274 रुग्णांपैकी निम्म्यांना 12 महिने गोळी दिली. त्या काळात गोळीवाल्यांपैकी 22 टक्क्यांना पुन्हा झटका आला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 37 टक्क्यांना. गोळी थांबल्यावर मात्र तो फायदा ओसरला. म्हणून बेचकी आधी, पेनिसिलिन नंतर. पूर्वी पेनिसिलिननं अंगावर पित्त उठलं असेल तर ते सांगायला विसरू नका.

पाय कापण्याचं. साध्या सेल्युलायटिसमध्ये वेळेवर औषध मिळालं तर तशी वेळ सहसा येत नाही. पण काही खुणा दिसल्या की सकाळ व्हायची वाट बघायची नाही. दिसतं त्याच्या मानानं कितीतरी जास्त ठणका लागणं, किंवा ठणकणारा भाग अचानक बधिर होणं. काळे-जांभळे डाग, रक्ताळलेले फोड. दाबल्यावर कातडीखाली चुरचुरणं. माणूस गुंगीत जाणं, उलट्या होणं. तेव्हा गावात सलाइन लावून घेण्यात वेळ घालवू नका. जिथं रात्री सर्जन आणि ऑपरेशन थिएटर आहे तिथं जा, मग संभाजीनगरची घाटी (सरकारी दवाखाना) असो, नांदेड असो की अंबाजोगाई. खोलवरचं इन्फेक्शन असेल तर कुजलेला भाग काही तासांत काढावा लागतो.

ताप असेपर्यंत शुगर वाढणारच. डॉक्टरांनी काही दिवस इन्सुलिन सांगितलं तर घ्या. एकदा लागलं की सुटत नाही ही भीती खोटी आहे, इन्फेक्शन गेल्यावर अनेकजण पुन्हा गोळ्यांवर येतात. मामांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन जा. लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असेल तर आजारपणात ती थांबवावी लागू शकते.

प्रश्न : तुळजापूरला अनवाणी चालत गेलो. तळपायाला मोठा फोड आलाय, पण अजिबात दुखत नाही. वय 52, शुगर 9 वर्षं. दुखत नाही म्हणजे काळजी नाही ना? (एक वाचक, जि. धाराशिव)

उत्तर : भाऊ, दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. माझ्या वडिलांचं सांगते. आबांना शुगर होती. एकदा फोनवर म्हणाले, "पाय जरा सुजलाय, दुखत बिखत काही नाही." मी ओपीडीत होते, मागे रांग. फोनवरच गोळ्या सांगितल्या. पाचव्या दिवशी आईचा फोन आला, चपलेला वास येतोय म्हणून. जाऊन बघितलं तर तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला, चपलेचा तळवा भेदून आत गेलेला, आणि भोवती पू. आबा त्या पायानं रोज शेतात जाऊन येत होते. त्यांना दुसरं बोट गमवावं लागलं. डॉक्टर मुलगी असून.

तेव्हापासून शुगरवाल्या माणसाचा पाय मी फोनवर बघत नाही. तुमचाही बघणार नाही. फोड फोडू नका, स्वच्छ कोरड्या पट्टीनं झाका, त्या पायावर भार टाकू नका आणि उद्या दवाखान्यात जा. तिथं नायलॉनच्या दोऱ्यासारखं एक साधन असतं, 10 ग्रॅमचं मोनोफिलामेंट. ते तळव्याला टेकवतात, तुम्ही डोळे मिटून लागलं की 'हो' म्हणायचं. दोन मिनिटांचं काम आहे. जिथं 'हो' येत नाही तिथली जाणीव गेलेली असते. मग एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबराची) मऊ चप्पल घ्या, मागे पट्टा असलेली, आणि घालण्याआधी रोज आत हात फिरवा. देवीला पुढच्या वर्षी चप्पल घालून जा. कळसाचं दर्शन झालं की काढा हवी तर.

प्रश्न : आईच्या सुजलेल्या लाल पायाला मिठाच्या गरम पाण्यात शेक दिला तर चालेल का? (एक वाचक, जालना)

उत्तर : नाही. आईला शुगर असेल तर पाणी किती गरम आहे ते पायाला बऱ्याचदा कळत नाही. शेकून भाजलेले पाय दर हिवाळ्यात माझ्याकडे येतात. पाय धुवायला कोमट पाणी घ्या, आणि ते कोमट आहे का हे आईच्या पायानं नाही, तुमच्या कोपरानं बघा.