विक्का पंथातील पौर्णिमेच्या विधीचा अर्थ काय? तो जादूटोणाच असतो का, आणि एकट्याने करता येतो का?

विक्का हा देवीची उपासना करणारा आणि जादू मानणारा आधुनिक पाश्चात्त्य पंथ आहे. मी त्याचा अनुयायी नाही. आधुनिक धर्मपंथांचा इतिहास आवडीने वाचणारा माणूस म्हणून उत्तर देतो. थोडक्यात सांगायचे तर, या विधीत जादूला जागा असते, पण ती दुय्यम. देवीला समोर बोलावणे, तिचे ऐकणे आणि तिच्यासोबत खाणेपिणे हा त्याचा गाभा आहे.

विक्का हा हजारो वर्षांपूर्वीचा धर्म असल्याचे समाजमाध्यमांवर सर्रास सांगितले जाते, त्यावर विश्वास ठेवू नका. आजचा विक्का विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये घडला. मलायातील कस्टम खात्यातून निवृत्त झालेल्या जेराल्ड गार्डनर यांनी, चेटुकाविरुद्धचा 1735 चा कायदा 1951 मध्ये रद्द झाल्यावर, 1954 साली पुस्तक लिहून हा पंथ उघडपणे लोकांपुढे मांडला. घटक मात्र जुने होते. ग्रीसमधील थेसली प्रांताच्या चेटकिणी चंद्राला आकाशातून खाली ओढतात, असे उल्लेख प्राचीन ग्रीक आणि लॅटिन साहित्यात सापडतात. आणि महिन्यातून एकदा, चंद्र पूर्ण असताना, एकांतात जमा, ही आज्ञा अमेरिकी लोकसाहित्य-संग्राहक चार्ल्स लेलँड यांच्या 1899 च्या 'अराडिया' या पुस्तकातून आली. अशा मासिक मेळाव्याला विक्का मंडळी 'एस्बॅट' म्हणतात. ऋतुचक्राचे आठ सण, म्हणजे 'सॅबॅट', त्याहून वेगळे. एस्बॅट वर्षातून बारा किंवा तेरा होतात.

गार्डनर यांच्या परंपरेतील समूहात, म्हणजे 'कोव्हन'मध्ये, विधी साधारण असा चालतो. खोलीत किंवा मोकळ्यावर नऊ फूट व्यासाचे वर्तुळ आखतात. 'अथामे' नावाची, सहसा काळ्या मुठीची, दुधारी सुरी पाण्याला व मिठाला लावून दोन्ही शुद्ध करतात, मीठ पाण्यात मिसळतात आणि ते पाणी वर्तुळाभर शिंपडतात. पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल व उत्तरेला पृथ्वी मानून चारही दिशांच्या शक्तींना आवाहन होते. फिरायचे ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. दक्षिण गोलार्धात सूर्याचा आकाशातील मार्ग उलटा दिसतो, म्हणून ऑस्ट्रेलियातील बरेच लोक उलटे फिरतात. मूळ परंपरेत हे सारे विवस्त्र होऊन केले जाते आणि बाहेरच्यांची उत्सुकता बहुधा तिथेच अडकते. इतर अनेक समूह झगे घालतात.

यानंतर येतो तो मुख्य भाग, 'चंद्र खाली उतरवणे'. प्रमुख पुरोहिता हात छातीवर दुमडून स्थिर उभी राहते. पुरोहित तिच्यापुढे गुडघे टेकून पावलांपासून ओठांपर्यंत पाच ठिकाणी चुंबन घेतो आणि देवीने हिच्या देहात यावे, अशी प्रार्थना करतो. मग ती हात पसरते आणि तिथून पुढे जे बोलते ते देवीचे बोलणे मानले जाते. आपल्याला इथे अंगात येणे आठवेल आणि ते साम्य वरवरचे नाही. फरक असा की इथे घुमणे नसते आणि काय बोलायचे ते बहुतेक वेळा ठरलेले असते. त्या गद्य संहितेला 'चार्ज ऑफ द गॉडेस' म्हणतात. तिचे आज प्रचलित असलेले रूप गार्डनर यांच्या कोव्हनमधील पुरोहिता डोरीन व्हॅलिएन्टी यांनी घडवले आणि माझ्या मते या पंथाकडे असलेले सर्वांत सुंदर लेखन तेच आहे. जिला तू बाहेर शोधते आहेस ती तुला स्वतःत सापडली नाही, तर बाहेर कधीच सापडणार नाही, असा तिचा शेवटाकडचा आशय आहे. पौर्णिमाच का, याचे उत्तरही इथे मिळते: वाढता, पूर्ण आणि घटता चंद्र ही देवीची कुमारी, माता आणि वृद्धा अशी तीन रूपे मानली जातात आणि पौर्णिमेला ती माता, म्हणजे पूर्ण सामर्थ्यात असते.

जादू येते ती यानंतर. वर्तुळात नाचून, एकसुरात मंत्र म्हणून शक्ती जागवायची आणि ती कुणाचे आजारपण, नोकरी अशा कामासाठी पाठवायची, अशी पद्धत आहे. कुणाचेही अहित न करता हवे ते करावे, हे त्यांचे नीतिसूत्र असल्यामुळे करणी किंवा मूठ मारण्याशी याची सांगड घालणे चुकीचे ठरेल. त्या शक्तीने आजार बरा होतो, यावर माझा विश्वास नाही, आणि उपचाराऐवजी कुणी ती सुचवली तर तुम्हीही ठेवू नका. शेवटी सुरीचे टोक पेल्यात उतरवून त्यातली वाइन पवित्र करतात, केक किंवा बिस्किटे वाटतात, थोडा भाग जमिनीला अर्पण करतात, दिशांना निरोप देतात आणि वर्तुळ मोडतात.

एकट्याने करता येते का, याचे उत्तर होय असे आहे. 1988 मध्ये स्कॉट कनिंगहॅम यांनी एकट्याने साधना करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले आणि तेव्हापासून हा मार्ग फार रूढ झाला. अशा साधकाला दीक्षा किंवा पुरोहित लागत नाही. मेणबत्ती, पाण्याचा वाडगा आणि खिडकीतून दिसणारा चंद्र एवढ्यावर भागते. आभाळ ढगाळ असले तरी अडत नाही, आणि नोकरदार मंडळी तर पौर्णिमेच्या जवळचा शनिवार पाहूनही विधी उरकतात.