परदेशी बातमी लिहिताना

वृत्तसंस्थेचा मजकूर नुसता मराठीत उतरवू नकोस गं. तिच्याकडे भारतीय नजरेनं बघ, आधी नकाशा उघड. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. बड्या कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घातला, युरोपचा प्रवास लांबला, कंटेनरचं भाडं चढलं. ऐन हंगामात न्हावाशेवाहून रॉटरडॅमला निघालेली नाशिकची द्राक्षं त्याच फेऱ्यात अडकली! अशा वेळी एखाद्या निर्यातदाराला फोन कर, भाव विचार.

आणि खलाशांना विसरू नकोस. जानेवारी २०२४ मध्ये ‘मार्लिन लुआंडा’ हे तेलवाहू जहाज हूतींच्या क्षेपणास्त्रानं पेटलं, तेव्हा त्यावर २२ भारतीय होते. आग विझवायला भारतीय नौदलाची ‘विशाखापट्टणम’ युद्धनौका धावली. भारतीय नजर म्हणजे फक्त दिल्लीचं पत्रक नव्हे, ही माणसंही त्यात आली.