नववीतला मुलगा, डिस्लेक्सिया आणि ‘मी ढच आहे’

डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीचं निदान झालंय, रेमेडियल म्हणजे त्यासाठीची खास शिकवणी सुरू आहे, तरी मुलगा ‘मी ढच आहे’ म्हणत खोलीत बसून राहतो, शाळेला निघताना पोट दुखतं म्हणतो. काय करू, असं तुम्ही विचारलंय. मी विशेष शिक्षिका आहे, अशी मुलं रोज माझ्यासमोर असतात.

पोटदुखीला नाटक म्हणू नका. डॉक्टरांना एकदा दाखवा, पण भीतीनेही पोट खरंच दुखतं. वर्गात ओळीने धडा वाचायला लावतात, तेव्हा असं मूल आपल्याआधी किती जण उरलेत ते मोजतं, आपल्या वाट्याचा परिच्छेद हुडकतं आणि त्यावर बोट ठेवून मनात घोकत बसतं. बाईंनी मध्येच एकाला वगळलं की सगळं मुसळ केरात, आणि वर्ग हसतो. पहिलीपासून हेच चाललेलं असतं. वर्गशिक्षकांना भेटा आणि आधी एवढंच मागा: त्याची तयारी नसताना त्याला मोठ्याने वाचायला उभं करू नका.

निदान आईवडिलांना समजावलं जातं, मुलाला मात्र कुणी नीट सांगत नाही. रिपोर्ट घेऊन त्याच्याशेजारी बसा. अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालायला त्याला जास्त कष्ट पडतात, बुद्धी कमी नाही, हे तुमच्या तोंडून त्याला ऐकू दे. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, त्याबद्दलही आत्ताच बोला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि डिस्लेक्सिया त्यातच येतो, म्हणजे हा त्याचा हक्क आहे. हे न सांगता लेखनिक बसवला की मुलांना ते उपकार वाटतात, आणि काही जण ऐनवेळी सवलतच नाकारतात.

अभ्यासासाठी त्याचा तबला किंवा कबड्डी बंद केली असेल तर उद्यापासून सुरू करा. याबाबत मी पालकांशी भांडते. जिथे तो चारचौघांत चमकतो तीच जागा आपण काढून घेतो!

झोप उडाली, जेवण तुटलं, मित्र सुटले, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला उशीर करू नका. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलला, तर जीव द्यावासा वाटतो का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्या वेळी त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. हा नंबर मोफत आहे, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.