‘बिनधास्त’, ‘बिंदास’ आणि मध्येच हरवलेला ‘ह’

एका वाचकाने विचारले आहे की, त्यांच्या भाचीने शाळेच्या निबंधात ‘माझी आजी बिनधास्त होती’ असे वाक्य लिहिले, त्यावर शिक्षिकेने लाल शाईने ‘बिनधास्त’ खोडून ‘निर्भय’ असे केले आणि शेजारी ‘बोलीतले शब्द टाळावेत’ असा शेरा दिला. हा शब्द खरोखरच अशिष्ट आहे का, तो हिंदी ‘बिंदास’वरून मराठीत आला की मराठीतून तिकडे गेला, आणि ‘निर्धास्त’ असा सरळ शब्द असताना त्याची गरज का पडली, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती एकत्रच देतो.

आधी दिशेचा प्रश्न. ‘बिंदास’ हे ‘बिनधास्त’चे झिजलेले रूप आहे, उलट प्रवास संभवत नाही. कारण ‘बिनधास्त’ची फोड मराठीत स्वच्छ होते आणि त्यातले दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे वापरात आहेत, तर ‘बिंदास’ फोडू गेल्यास हाती ‘दास’ हा भलताच शब्द येतो. त्यावरून ‘जो कुणाचा दास नाही तो बिंदास’ अशी व्युत्पत्ती सांगण्याचा मोह होऊ शकतो आणि ती ऐकायला गोडही वाटते, पण गोड वाटणाऱ्या व्युत्पत्तींबद्दल नेहमी थोडा संशय बाळगावा. तसेच ‘धास्त’ हा संस्कृत ‘ध्वस्त’चा अपभ्रंश मानणेही चूक ठरेल, कारण ध्वस्त म्हणजे उद्ध्वस्त झालेले, आणि ‘बिन-उद्ध्वस्त’ या अर्थाचा आपल्या शब्दाशी काही संबंध जोडता येत नाही.

‘धास्त’ किंवा ‘धास्ती’ हा शब्द ‘दहशत’पासून आला आहे. ‘दहशत’ फारसीतून मराठीत आला आणि फारसीने तो अरबीतून घेतला. अरबीतील या धातूचा मूळ अर्थ चकित होणे, भांबावून जाणे असा आहे, आणि आजच्या अरबीतही ‘दह्शा’ म्हणजे आश्चर्यच. आश्चर्याने माणूस थिजतो, भयानेही थिजतो. फारसीत येईपर्यंत थिजण्याचे कारण बदलून तिथे भय येऊन बसले होते.

आता ‘दहशत’चे ‘धास्त’ कसे झाले ते पाहू, कारण या शब्दाच्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. शब्दाच्या पोटातला ‘ह’ मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी स्थिर राहत नाही. तो आपली जागा सोडून आधीच्या व्यंजनाला जाऊन चिकटतो आणि त्याला महाप्राण, म्हणजे ‘ह’च्या श्वासासह उच्चारले जाणारे, करून टाकतो. खेड्यापाड्यांत ‘दहा’चा उच्चार ‘धा’ होतो, ‘दही’चा ‘धई’ होतो, ‘पहाटे’चे ‘फाटं’ होते आणि ‘बहीण’ची ‘भैण’. मालवणीत ‘बाहेर’ न म्हणता ‘भायर’ म्हणतात. संस्कृत ‘महिषी’ची ‘म्हैस’ याच वाटेने झाली, आणि तिला तर कुणी ग्राम्य उच्चार म्हणत नाही. ‘दहशत’मध्येही नेमके हेच घडले. ‘द’ आणि ‘ह’ मिळून ‘ध’ झाला, मधली दोन अक्षरे एकात विरघळल्यामुळे ‘धा’ असा दीर्घ स्वर राहिला, आणि ‘श’ व ‘त’ जवळ आल्यावर ‘श्त’चे ‘स्त’ झाले. हा शेवटचा बदलही आडवळणाचा नाही: फारसी ‘गश्त’ची आपण ‘गस्त’ केली आणि पोलीस आजही तीच घालतात.

म्हणजे ‘दहशत’ आणि ‘धास्त’ ही एकाच शब्दाची दोन रूपे मराठीत शेजारी शेजारी नांदत आहेत, जशी ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’ नांदतात. अशा जोड्यांत भाषा सहसा दोघांना एकच काम देत नाही. दहशत बाहेरून येते. ती कुणीतरी ‘बसवतो’, गावगुंडाची ‘असते’. धास्ती मात्र माणूस स्वतः ‘घेतो’. ‘दहशत घेतली’ असे आपण म्हणत नाही आणि ‘गुंडाने गावात धास्ती बसवली’ हे वाक्यही जिभेला खटकते. शिवाय धास्तीत एक प्रकारची वाट पाहणे असते. निकालाची धास्ती असते, पाहुणे काय म्हणतील याची धास्ती असते. पण फणा काढून समोर उभ्या राहिलेल्या सापाची वाटते ती भीती. साप या घरात कुठेतरी आहे एवढेच ठाऊक असेल आणि रात्र पडत असेल, तर ती धास्ती. पुढे घडू शकणाऱ्या गोष्टीचे ओझे आजच मनावर घेणे, हा या शब्दाचा गाभा आहे. त्याने मराठीत इतके मूळ धरले की ‘सुखावणे’, ‘दुखावणे’ यांच्या चालीवर ‘धास्तावणे’ हे क्रियापदही तयार झाले.

(जाता जाता: हिंदीने ‘आतंकवाद’ हा संस्कृत शब्द घेतला, तर मराठीने ‘दहशती’ला ‘वाद’ जोडून ‘दहशतवाद’ केला. त्यामुळे ‘दहशतवाद’ आणि ‘बिनधास्त’ हे एकाच आजोबांचे नातू ठरतात, ही गोष्ट वर्तमानपत्र वाचताना सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.)

‘बिन’बद्दल फार सांगण्यासारखे नाही. ‘विना’चाच तो घरगुती अवतार आहे आणि तो कोणत्याही कुळातल्या शब्दाला बिनतक्रार जोडला जातो: बिनचूक, बिनडोक, बिनव्याजी, बिनशर्त, बिनबोभाट, बिनविरोध. जुन्या मोडी कागदपत्रांत माणसाचे नाव आणि बापाचे नाव यांच्यामध्ये येणारा ‘बिन’ मात्र वेगळा; तो अरबी असून त्याचा अर्थ ‘पुत्र’ असा आहे.

‘धास्ती’च्या आधी ‘बिन’ लावला की ‘बिनधास्त’ होतो आणि ‘निर्’ लावला की ‘निर्धास्त’. दोन्हींची रचना एकसारखी आहे. ‘निर्धास्त’ संस्कृत वाटत असला तरी तोही संकरितच आहे, कारण संस्कृत उपसर्गाखाली फारसी वंशाचा शब्द बसला आहे. म्हणून एकाला शिष्ट आणि दुसऱ्याला अशिष्ट ठरवायला व्युत्पत्तीचा कोणताच आधार मिळत नाही. भेद वापरात आहे. ‘मुलगा घरी पोचल्याचा निरोप आला, आता निर्धास्त झोपा’ या वाक्यात काळजीचे कारण नाहीसे झाले आहे आणि म्हणून मन मोकळे झाले आहे. ‘उद्या परीक्षा आहे, तरी हा बिनधास्त झोपला आहे’ या वाक्यात कारण जागच्या जागी आहे. माणसाने ते मनावर घेतलेले नाही, एवढेच. निर्धास्त माणसाला कुणीतरी आश्वासन दिलेले असते, तर बिनधास्त माणसाला आश्वासनाची गरज वाटत नाही. दोन्ही वाक्यांत शब्दांची अदलाबदल करून पाहावी, म्हणजे पहिल्यात पालक निष्काळजी वाटू लागतील आणि दुसऱ्यात मुलाचा अभ्यास पूर्ण झाला आहे असा समज होईल.

या शब्दाच्या निरनिराळ्या छटा कुठून येतात, हेही यातूनच कळते. धास्ती कशाची सोडली, यावर शब्द कौतुकाचा होतो की दूषणाचा हे ठरते. धोक्याची सोडली असेल तर ‘ती बिनधास्त गाडी चालवते’ यात शाबासकी असते. संकोच सोडायला सांगायचे असेल तर ‘बिनधास्त माग’, ‘बिनधास्त बोल’ यात जवळीक येते. इथे शब्द परवाना देतो आणि ‘मी आहे पाठीशी’ हे न बोलता सांगतो. लाज किंवा कायद्याची चाड सोडली असेल, तर ‘लोकांचे पैसे बुडवून बिनधास्त फिरतो आहे’ यात तोच शब्द चीड व्यक्त करतो. ‘खुशाल’ या शब्दाचेही असेच झाले आहे. मुळात तो ‘खुश’ आणि ‘हाल’, म्हणजे चांगली स्थिती. आपण ‘पत्र पाठवून खुशाली कळवतो’ तेव्हा तो अर्थ शाबूत असतो, पण ‘खुशाल खोटे बोलतो’ म्हणताना त्यात संताप भरलेला असतो.

सर्वांत नाजूक छटा लोकलज्जेची आहे. ‘लोक काय म्हणतील’ ही आपल्याकडची सर्वांत व्यापक धास्ती, आणि ती सोडणारी व्यक्ती मुलगी असेल तर शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून राहतो. ‘त्यांची मुलगी जरा बिनधास्तच आहे’ या वाक्यातला ‘जरा’ आणि ‘च’ ऐकूनच स्थळ पाहणारे काय समजायचे ते समजत असत. मुलाबद्दल हेच वाक्य बोलले गेले तर त्यात फारसा टोमणा उरत नाही. 1999 साली ‘बिनधास्त’ नावाचा मराठी चित्रपट आला, ज्यात मुख्य भूमिकांत दोन महाविद्यालयीन मैत्रिणी होत्या. तिथे हा शब्द मुलींनी स्वतःसाठी मिरवण्याचा झाला होता. ज्या शब्दाने कुणाला नावे ठेवली जातात तोच त्यांनी उचलून बिरुद म्हणून लावावा, असे भाषेत अधूनमधून घडते आणि तसे घडले की जुना टोमणा हळूहळू बोथट होत जातो.

‘बिंदास’कडे वळताना पुन्हा उच्चाराकडे यावे लागते. मुंबईच्या मिसळलेल्या हिंदीत ‘बिनधास्त’ गेला तेव्हा ‘ध’ने आपला प्राण गमावला आणि तो ‘द’ झाला, तर घाईच्या बोलण्यात ‘जास्त’चा जसा ‘त’ निसटतो तसाच इथलाही शेवटचा ‘त’ निसटला. थोडक्यात, ‘दहशत’च्या पोटातून निघून ‘द’ला चिकटलेला तो ‘ह’ मुंबईत कायमचा हरवला आणि ‘द’ होता तसा उरला. पण ‘ह’बरोबर आणखी काही हरवले. ‘धास्त’ ओळखू येईनासा झाल्याबरोबर शब्दातली भीतीची आठवणही गेली. ‘कसा आहेस?’ ला ‘एकदम बिंदास’ हे उत्तर येते, तेव्हा त्यात कसलीही धास्ती नाकारलेली नसते. मजेत आहे, एवढाच अर्थ असतो. संध्याकाळ बिंदास असू शकते, कपडे बिंदास असू शकतात. ‘बिनधास्त संध्याकाळ’ मात्र मला अजून अडखळायला लावते, कारण संध्याकाळ धास्ती घेत नाही. 2007 मध्ये तरुणांसाठी याच नावाची दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली आणि ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशातही ‘बिंदास’ची नोंद झाली, ती या हलक्याफुलक्या रूपाची. पुढे हेच रूप मराठीत परत आले आणि आपण त्याला आपला प्रत्यय जोडून ‘बिंदासपणा’ही केला, त्यामुळे आज ‘बिनधास्तपणा’ आणि ‘बिंदासपणा’ असे दोन शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ अगदी एक नाहीत. पहिल्यात अजून थोडा धोका शिल्लक आहे.

लेखनाविषयी थोडेसे. ‘बिंधास्त’, ‘बिन्धास्त’ अशी रूपे छापलेली दिसतात, कारण ‘बिन’मधला ‘न’ उच्चारात अर्धाच राहतो आणि ‘ध’च्या आधी तो अनुस्वारासारखा ऐकू येतो. तरीही ‘बिनचूक’, ‘बिनशर्त’ यांच्याप्रमाणे ‘बिनधास्त’ असेच लिहावे, म्हणजे जोड दिसत राहतो. ‘बिंदास’मध्ये जोड उरलेलाच नसल्यामुळे तिथे अनुस्वार योग्य आहे.

आता त्या निबंधातील आजीकडे येतो. ‘निर्भय’ हा शब्द रणांगणावर, सत्याग्रहात किंवा न्यायासनासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला शोभतो आणि आजी तशी असेल तर शिक्षिकेची दुरुस्ती रास्त आहे. ‘निर्धास्त’ म्हटले तर आजीला काळजीच नव्हती असे होईल, आणि तसे म्हणणे बहुतेक कोणत्याही आजीवर अन्याय करणारे आहे. भाचीला जर अशी आजी सांगायची असेल, की जिला परिणामांची कल्पना होती, चार लोक काय बोलतील हेही ठाऊक होते आणि तरीही जिने त्याची धास्ती घेतली नाही, तर तिने शोधलेला शब्द बरोबर आहे. शब्द तसाच ठेवून त्यापुढे आजीने नेमके काय केले, याची दोन वाक्ये वाढवावीत, एवढीच दुरुस्ती मी सुचवली असती.